साडूचा सत्कार

माझा साडू डॅनी पुण्यात राहतो, यात माझा काही दोष नाही. पण मी नगरला राहतो हा माझाच दोष आहे, असं तो आणि त्याची बायको जेनिफर आमच्या लग्नापासून मानत आले आहेत. “दादा, नगरला दिवसभर करायचं काय असतं हो?” हा प्रश्न डॅनी मला दर भेटीत विचारतो, आणि तो काळजीनं विचारतो. कुत्सितपणे विचारला असता तर मी सडेतोड उत्तर दिलं असतं. काळजीपुढे माणसाचं काही चालत नाही.

दर नाताळात आम्ही पुण्याला जातो. मग डॅनी आम्हाला मॉल दाखवतो, सिनेमा दाखवतो, आमच्या घरची चादर भिजवता येईल एवढ्या डब्यातून लाह्या खाऊ घालतो आणि रात्री अशा हॉटेलात नेतो जिथे पाणी कुठलं हवं हेही विचारतात. बिल आलं की तो ते न वाचताच कार्ड पुढे करतो. त्या वेळी मी भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहतो. मी चित्रकलेचा शिक्षक असल्यामुळे ते शोभतं. परतीच्या एसटीत लिडिया, म्हणजे माझी बायको, सुप्यापर्यंत गप्प बसते आणि मग म्हणते, “एकदा आपणही त्यांना बोलवायला हवं.” बस नगरमध्ये शिरली की आम्ही दोघंही तो विषय बसमध्ये ठेवून उतरतो.

यंदा मे महिन्यात त्यांनीच फोन केला. मुलं आजीकडे देवळाली प्रवराला गेलेली, दोघंच आहोत, शनिवार-रविवार येतो म्हणाले. लिडियाला इतका आनंद झाला की तिनं फोन ठेवल्या ठेवल्या कपाळाला हात लावला.

कारण असं, की आमची शाळा विनाअनुदानित आहे. अशा शाळेचा पगार उन्हाळ्यात विहिरीसारखा तळाला जातो. यंदा तो मार्चपासूनच तळाला होता, आणि संस्थेचे लोक काठावर उभे राहून आम्हाला पावसाच्या गोष्टी सांगत होते. लिडिया म्हणाली, “तुम्हाला काय करायचं ते करा. पण पगाराचं जेनीला कळता कामा नये. ती लगेच पाकीट काढेल, आणि मग मी पुन्हा पुण्याला पाऊल टाकणार नाही.” म्हणजे प्रश्न साधा होता. पुण्याच्या माणसाला नगर शहरात दोन दिवस खाऊ घालायचं, रमवायचं, आणि खिशात हात घालायची वेळ येऊ द्यायची नाही.

चित्रकलेचा मास्तर असलो तरी मी डोक्यानं बरा आहे. त्या रात्री मोबाईल चाळता चाळता मला साक्षात्कार झाला. इतकी वर्षं शिकवल्यामुळे माझे विद्यार्थी आता लग्नाच्या वयात आले आहेत, आणि त्यांच्या पत्रिका माझ्या मोबाईलवर साचल्या आहेत. प्रत्येकीवर ‘हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ आणि ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ असं छापलेलं. आजवर मी त्या नुसत्या अंगठा दाखवून सोडून देत होतो. पण विचार करा, मे महिन्यात सावेडीपासून विळद घाटापर्यंत प्रत्येक लॉनवर चुली पेटलेल्या असतात. जेवण आहे, बँड आहे, डीजे आहे, भाषणं आहेत, नवरा-नवरी ढगातून यावीत म्हणून धूर सोडतात. मॉलमध्ये याहून वेगळं काय असतं? फक्त गारवा. आणि बोलावणं तर हक्काचं. अहिल्यानगर असं नवं नाव लागलेलं आमचं जुनं नगर त्या रात्री मला एकदम श्रीमंत दिसायला लागलं.

अशा योजना गुप्त ठेवायच्या असतात. पण आमच्या इमारतीत जिना एकच आहे आणि तो बोलका आहे. वरच्या मजल्यावरचे नूरुद्दीनभाई एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी माझ्या हातातला मोबाईल घेऊन सगळ्या पत्रिका तिकिटं तपासावीत तशा तपासल्या. त्यांचं मत असं पडलं की बफे असेल तिथं जाऊ नये. “सर, बफेमधी मानूस उभ्यानं खातो. आन उभ्या मानसाला कोन आग्रह करनार? पंगत बघा, पंगत.” आतून शरिफाभाभींनी भिंगारच्या एका वलिम्याची, म्हणजे निकाहनंतरच्या जेवणाची, शिफारस केली. बिर्याणी उत्तम होती, पण ती गुरुवारी होती आणि माझे पाहुणे शनिवारी येणार होते. त्यावर भाभींनी पाहुण्यांना लवकर बोलवायचा सल्ला दिला.

तळमजल्यावरच्या मालनबाईंचा या विषयातला अभ्यास आणखी खोल होता. त्यांच्या मते अक्षता पडायच्या थोडं आधी पोचावं. “लई आदी गेलं तर भाषनं गळ्यात पडत्यात, आन उशिरा गेलं तर भात बुडाला लागलेला आसतो. आन सर, घरून काईतरी खाऊनच निघा.” लग्नाला घरून जेवून जा, हा सल्ला मला त्या वेळी मूर्खपणाचा वाटला. मी तो मनावर घेतला नाही.

बरीच छाननी होऊन ज्ञानेश्वरीची पत्रिका पास झाली. ही माझी जुनी विद्यार्थिनी. कोंबडीला चार पाय काढायची, पण चारही सुबक काढायची, म्हणून मी तिला नेहमी चांगले गुण दिले. लग्न रविवारी दुपारी, मनमाड रोडच्या एका लॉनवर, पंगतीचं जेवण. आहेर नको असला तरी मी रिकाम्या हातानं जाणारा माणूस नाही. मी तिच्यासाठी चांदबीबी महालाचं तैलचित्र रंगवायला घेतलं. रंग आणि कॅनव्हास घरचेच होते.

शनिवारी पाहुणे आले. दारात मोठी पांढरी गाडी थांबली, आणि तिनं अर्धी गल्ली अडवली. गाडीतून डॅनी उतरला तो पांढरा झब्बा, काळा गॉगल अशा थाटात. मालनबाई बाहेर येऊन गाडीभोवती एक फेरी मारून गेल्या.

संध्याकाळच्या करमणुकीसाठी मी एक बाग निवडली होती. बागेचं नाव घेत नाही, पण तिथे संगीतावर नाचणारं कारंजं आहे असं मी डॅनीला जेवताना दोनदा सांगितलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा कारंजं होतं, फक्त पाणी नव्हतं. रखवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, ते सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्टला सुरू करतात, एरवी अर्ज द्यावा लागतो. मी म्हटलं, देतो अर्ज. त्यानं विचारलं, कारण काय लिहिणार? मी म्हटलं, साडू आला आहे. त्यानं बराच विचार केला आणि हे कारण नियमात बसत नसल्याचं खेदानं सांगितलं. शेवटी त्या कोरड्या हौदाच्या काठावर बसून आम्ही लिडियानं घरून आणलेली भेळ खाल्ली. बाहेरचं खाणं आरोग्याला कसं वाईट, यावर मी थोडं बोललो. डॅनी म्हणाला, “शांत आहे इथं.” तो हे काळजीनं म्हणाला.

रविवारी सकाळी त्यांना चांदबीबी महालावर नेलं. वरून पसरलेलं नगर, भन्नाट वारा, आणि दोन्ही फुकट. डॅनीनं कमरेवर हात ठेवून चारी दिशा पाहिल्या आणि विचारलं, “मस्त. आता इथं काय करायचं असतं?” मी म्हटलं, उतरायचं असतं. लिडियानं माझ्याकडे असं पाहिलं की मी उरलेला सगळा डोंगर न बोलता उतरलो.

आता सारी मदार लग्नावर होती. मी डॅनीला गाडीत बजावून ठेवलं की नगरचं आदरातिथ्य ही काय चीज आहे ते आज दिसेल, पाहुणा म्हटला की इथली माणसं त्याला खाली ठेवत नाहीत. गाडी मी चालवत होतो, कारण रस्ते माझ्या ओळखीचे. माझ्या शेजारच्या सीटवर चित्र आडवं ठेवलं होतं. शुक्रवारी रंगवलेलं तैलचित्र रविवारी वाळत नाही, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. त्यामुळे डॅनी, जेनिफर आणि लिडिया मागे बसले होते. हा तपशील किरकोळ वाटेल, पण माझ्या आयुष्यातल्या मोठ्या अपमानाचं मूळ त्यात आहे.

मनमाड रोडला दोन लॉन शेजारी शेजारी आहेत. दोन्हीकडे लग्न, दोन्हीकडे कमान, आणि दोन्ही कमानींवर शुभेच्छुकांचे इतके चेहरे की नवरा-नवरीची नावं कुठं आहेत ते शोधायला भिंग लागावं. मी गाडी हळू करून वाचत होतो, इतक्यात शिट्टी लावलेल्या एका माणसानं आमची पांढरी गाडी आणि तिच्यावरचा पिंपरीकडचा नंबर पाहिला. त्यानं शिट्टी फुंकली, पुढच्या चार मोटारसायकली बाजूला काढल्या, आणि हातवाऱ्यांनी आम्हाला पहिल्या कमानीतून थेट मांडवाच्या दाराशी नेऊन सोडलं.

गाडी थांबली तसे फेटे बांधलेले सहा-सात लोक धावत आले. माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. चित्रकलेच्या मास्तरासाठी एवढी माणसं धावतात, हे डॅनीनं बघावंच असं वाटलं. मी गॉगल नसलेल्या डोळ्यांवर शक्य तेवढं गांभीर्य आणून खाली उतरलो. त्या लोकांनी मला नम्रपणे बाजूला केलं आणि मागचं दार उघडलं.

“या साहेब, या. लई वाट बघायला लावली.” डॅनीच्या दोन्ही बाजूंना दोघं झाले आणि त्याला हवेतून न्यावं तसे आत घेऊन गेले. बायकांनी लिडिया-जेनिफरला वहिनीसाहेब करून ओवाळलं. एकानं पुढच्या सीटवरचं माझं चित्र उचललं. मी म्हटलं, अहो, ते ओलं आहे. तो म्हणाला, काळजी करू नका, साहेबांच्या हातानंच देऊ. त्याच्या अंगठ्यावर चांदबीबी महालाचा घुमट लागलेला मला स्पष्ट दिसला.

मग एक वयस्कर गृहस्थ मला म्हणाले, “डायवर, गाडी तिकडं लिंबाखाली लावा. आन मागच्या अंगाला जेवून घ्या.”

मी ताठ झालो. मी ड्रायव्हर नाही, शिक्षक आहे, बी.ए. आहे, वर चित्रकलेची पदविका आहे, असं मी त्यांना सांगितलं. गृहस्थांनी समजुतीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. “व्हय, व्हय. आमचा डायवर बी बीए हाय. बसा जेवायला.”

मागे लिंबाखाली ड्रायव्हर, वाजंत्री आणि मांडववाले यांची पंगत बसली होती. मला तिथे बसवण्यात आलं. मी निषेध म्हणून पहिली पुरी खाल्ली नाही. पण वाढणाऱ्या मनकर्णाबाईंनी ती न विचारता उचलून गरम पुरी टाकली, वर वांग्याची भाजी, बुंदी आणि वाटीभर मठ्ठा. माणसाचा स्वाभिमान मोठा असतो, पण मसाल्यात मुरलेलं वांगं त्याहून जुनं असतं. नूरुद्दीनभाई म्हणाले ते खरंच होतं, पंगतीत आग्रह होतो. मी एकेका पदार्थाला दोनदा नाही म्हटलं आणि तिन्ही वेळा तो ताटात आला. शेजारचा टेम्पोवाला म्हणाला, आपलं बरं असतं, मोठ्या लोकांना अक्षता पडेपर्यंत पाणीसुद्धा मिळत नाही. तेव्हा कुठे मला मांडवातल्या माझ्या तीन माणसांची आठवण झाली.

हात धुऊन मी पुढे गेलो. लाउडस्पीकरवर निवेदक नवरीचं नाव घेत होता, आणि ते संस्कृती होतं. ज्ञानेश्वरी पलीकडच्या लॉनवर होती. आम्ही परक्याच्या मांडवात होतो, आणि माझा साडू व्यासपीठावर मधल्या सोफ्यावर गुलाबी फेटा, खांद्यावर शाल आणि मांडीवर नारळ अशा अवस्थेत बसला होता. चारही पंखे त्याच्याकडे वळवलेले.

मागोमाग आलेल्या टेम्पोवाल्यानं मला सगळं उलगडून सांगितलं. नवरा मुलगा पुण्याला कंपनीत कामाला. त्याचे साहेब येणार होते, पांढऱ्या गाडीतून. नवरीकडच्या कुणी त्यांना पाहिलेलं नव्हतं. नवरदेव मारुतीला गेलेला, त्याचे मित्र वाटेत डीजेपुढे नाचत, त्यामुळे साहेबांना ओळखणारा एकही माणूस मांडवात नव्हता. आपल्याकडे नवरदेव मारुतीला गेला की तो परत केव्हा येईल हे मारुतीलाही सांगता येत नाही.

आता खरं बोलायला हवं होतं. मी व्यासपीठाच्या पायरीपाशी गेलो आणि डॅनीला खूण केली. तो वाकला. त्याच्या चेहऱ्यावर मी कधीच न पाहिलेला आनंद होता. “दादा,” तो म्हणाला, “काय माणसं आहेत हो तुमच्या नगरची. ओळख ना पाळख, आणि किती करतायत.”

लग्नापासून मी या वाक्याची वाट बघत होतो. समोरच्या रांगेत लिडिया बसली होती. उपाशी होती, घामानं डबडबली होती, पण बहिणीशेजारी अशी मान वर करून बसली होती की मला खरं सांगायचा धीर झाला नाही. मी म्हटलं, “आमच्याकडे असंच असतं.” आणि खाली उतरलो. मी चूक केली हे मला कळत होतं. पण त्या क्षणी मला ती चूक फार आवडली.

मग भाषणं सुरू झाली. आमच्या भागात लग्नातलं भाषण हा स्वतंत्र विधी आहे. आधी एका सोसायटीचे चेअरमन बोलले, मग माजी चेअरमन बोलले, मग पुढे होणारे चेअरमन बोलले. तिघांनीही ऊस, पाणी आणि वधूवर याच क्रमानं विषय घेतले. प्रत्येकानं वेळेअभावी थोडक्यात बोलतो असं सांगून सुरुवात केली. लिडियानं मागे वळून मला खुणेनं विचारलं, जेवण कधी? माझ्या मिशीला मठ्ठा लागलेला होता. तो तिला दिसला. त्यानंतर तिनं मागे वळून पाहिलं नाही.

पुढे निवेदकानं साहेबांनी पुण्याहून खास आणलेल्या तैलचित्राचा उल्लेख केला. दोघांनी ते उंच धरून फिरवलं. घुमटाच्या जागी अंगठ्याचा ठसा होता. टाळ्या वाजल्या. एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले की मोठ्या कलाकाराचं दिसतंय, काही कळत नाही. चित्राच्या कोपऱ्यात ‘एलिया भिंगारदिवे’ अशी माझी ठळक सही होती, पण त्या दुपारी ती वाचायला कुणाला वेळ नव्हता.

एवढ्यावर निभावलं असतं. पण नवरीचे वडील माईकपाशी आले. कडक इस्त्रीचा सदरा, उन्हानं रापलेला चेहरा. त्यांना भाषण येत नव्हतं. ते डॅनीकडे वळले आणि हात जोडून उभे राहिले.

“साहेब, मला बोलता येत न्हाई. पोरीचा बाप हाय म्हनून ईचारतो. आमचं जावई तुमच्या कंपनीत तीन सालापासून कंत्राटावर हायेत. दर सालाला घरी बसवत्यात, परत घेत्यात. पोर काळजी करती, सांगत न्हाई. त्येला तेवढं पर्मनंट करा. दुसरं मागनं न्हाई.”

मांडवातल्या पंख्यांचा आवाज यायला लागला. निवेदकानं माईक डॅनीच्या हातात दिला.

डॅनीनं गॉगल काढला. मी बघितलं, त्याला सगळं कळून चुकलं होतं. तो मूर्ख नाही, पुण्याचा असला तरी. ‘तुमच्या कंपनीत’ म्हटल्यावर त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग हात जोडलेल्या त्या माणसाकडे. मी मनातल्या मनात प्रार्थना म्हणायला लागलो. आता हा उठेल आणि म्हणेल, माफ करा, काहीतरी घोटाळा आहे. त्यानंतर आमचं काय होईल याचं चित्र मी रंगासकट बघत होतो.

“करतो,” डॅनी माईकवर म्हणाला.

मांडव उसळला. वाजंत्र्यांनी तोंडातली बुंदी गिळून सनई धरली. नवरीच्या वडिलांनी डॅनीचे पाय धरले, डॅनीनं त्यांना उठवलं आणि मिठी मारली. दोघंही रडत होते. वडिलांचं मला समजलं, डॅनीचं समजलं नाही.

आणि त्याच वेळी नवरदेव मारुतीहून आला. त्याच्याबरोबर नाचून नाचून घामाघूम झालेला, गुलालानं ओळख बुजलेला एक बुटका माणूस होता. नवरदेव व्यासपीठावर चढला, डॅनीला बघून गोंधळला, आणि त्यानं सासऱ्याला मोठ्यानं विचारलं, “हे कोण? साहेब तर माझ्याबरोबर आहेत. वाटेत भेटले, तेव्हापासून नाचतायत.”

अकराशे माणसं एकदम गप्प होतात तेव्हा फार वाईट आवाज येतो. लिडियानं पदर तोंडाला लावला. मी लिंबाखालची गाडी आणि माझ्यातलं अंतर मोजलं.

डॅनी नारळ बगलेत धरून सोफ्यावरून उठला. पायऱ्या उतरून त्या गुलालातल्या साहेबांसमोर उभा राहिला. डोक्यावरचा फेटा काढला आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला. फेटा मोठा होता, तो नाकापर्यंत आला. माईक अजून डॅनीच्याच हातात होता.

“साहेब,” डॅनी खणखणीत आवाजात म्हणाला, “तुमचा निरोप मी तुमच्याआधी येऊन सांगितला. मुलगा पर्मनंट झाला म्हणून.”

साहेबांनी फेटा वर करून डॅनीकडे पाहिलं. मग मांडवाकडे पाहिलं. मग आता आपल्या पायाशी वाकलेल्या नवरीच्या बापाकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि शेवटी म्हणाले, “हो. म्हणजे, हो.” दुसऱ्यांदा सनई वाजली. निवेदक आपल्या कामात मुरलेला होता. साहेबांचं मन किती मोठं आणि त्यांचा माणूस किती तत्पर, हे त्यानं एका दमात सांगून टाकलं आणि मंगलाष्टकांना हात घातला. अक्षतांच्या त्या गडबडीत आम्ही चौघं मागच्या बाजूनं निघालो. माझं चित्र तिथेच राहिलं.

गाडी कमानीबाहेर आणून मी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभी केली. तीन माणसं भुकेनं गप्प होती आणि मला ढेकर येत होती. ती मी मोठ्या कष्टानं दाबली, पण वांगं लपत नाही. जेनिफर म्हणाली, “दाजी, तुम्ही जेवलात?” मी म्हटलं, अपमानाखातर थोडं खावं लागलं.

मग मी डॅनीला म्हटलं की मी गप्प बसलो तो माझा गाढवपणा, पण तुम्हाला तर कळलं होतं. ‘नाही’ म्हणायचं सोडून ‘करतो’ कशाला म्हणालात?

डॅनी मांडीवरच्या नारळावरची शेंडी सारखी करत बसला. तो नारळ तो विसरून बरोबर घेऊन आला होता.

“फेब्रुवारीत मला कंपनीनं घरी बसवलं, दादा,” तो म्हणाला. “आधी मी एच. आर.ला होतो. तीन महिने लोकांना बोलावून घरी पाठवायचं काम केलं, शेवटी मला पाठवलं. आज तो म्हातारा हात जोडून उभा राहिला. म्हटलं, एकाला तरी हो म्हणून बघू.”

जेनिफर खिडकीबाहेर बघत म्हणाली की गाडीही त्यांची नाही. मित्राची आहे, विकायला काढलेली, गिऱ्हाईक मिळेपर्यंत मागून आणली. सुट्टीत कुठे जायला जमणार नव्हतं, म्हणून ताईकडे आले. आणि परवापासून एकच धास्ती होती, की आम्ही त्यांना कुठल्या हॉटेलात नेलं तर बिलाला हात पुढे करावा लागेल.

इतकी वर्षं मी ज्याच्या कार्डाकडे बघायचं टाळत होतो, त्या माणसाबद्दल मला एकदम फार जिव्हाळा वाटला.

लिडिया बोलली. तिनं इतका वेळ जपलेलं सगळं एका वाक्यात टाकून दिलं. “जेनी, आमचा मार्चपासून पगार नाही. म्हणून तुम्हाला लग्नाला आणलं.”

जेनिफरनं वळून तिच्याकडे पाहिलं. मग तिला हसू आलं. आधी ती एकटी हसली, मग दोघी बहिणी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसायला लागल्या. डॅनीचा नारळ हातातून निसटून पायावर पडला, त्यामुळे ते आणखी लांबलं. शेवटी लिडियानं डोळे पुसले, गाडीचं दार उघडलं आणि खाली उतरून पदर खोचला. मी विचारलं, कुठं निघालीस?

“जेवायला,” ती म्हणाली. “बोलावणं ज्ञानेश्वरीच्या लग्नाचं आहे ना? चला.”

दुसऱ्या कमानीत आम्ही चालत गेलो. शेवटची पंगत बसत होती. ज्ञानेश्वरीच्या वडिलांनी लांबूनच “अहो सर” म्हणून हाक मारली, पण मी आधी मागे वळून दुसरे कुणी सर आहेत का ते पाहून घेतलं. आम्हाला शेजारी शेजारी बसवलं. जेनिफरनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. डॅनीनं भाताचं आळं करून त्यात आमटी घेतली आणि कोपरापर्यंत खाल्लं. पुण्यात मी त्याला असं जेवताना कधी पाहिलेलं नाही. मीही बसलो होतो. आपण एकदा जेवून आलो आहोत, हे साडूसमोर वाढप्याला सांगणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

मठ्ठ्याची वाटी ठेवून डॅनी माझ्याकडे झुकला.

“दादा, नाताळात तुम्ही पुण्याला यायचं,” तो म्हणाला. “आमच्याकडेही लग्नं असतात.”